अमेरिकेत गोरे घटले की वाढले? वंशाच्या आकड्यांमागचा हिशेब

12 ऑगस्ट 2021 रोजी अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाने 2020 च्या जनगणनेतील वंशनिहाय आकडे जाहीर केले आणि देशाच्या इतिहासात प्रथमच गोऱ्या लोकांची संख्या घटली, अशा बातम्या जगभर झळकल्या. स्वतःचा वंश केवळ 'श्वेत' असा नोंदवणाऱ्यांची संख्या दहा वर्षांत 22.36 कोटींवरून 20.43 कोटींवर आली होती, म्हणजे 8.6 टक्क्यांनी घटली होती. मात्र त्याच जनगणनेतून 'केवळ श्वेत आणि हिस्पॅनिक (म्हणजे मेक्सिको, क्यूबा अशा स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले) नसलेले' एवढेच लोक वेगळे काढले, तर त्यांची संख्या 19.68 कोटींवरून 19.17 कोटींवर आलेली दिसते आणि ही घट 2.6 टक्क्यांचीच भरते. याउलट, 'श्वेत' या चौकटीवर खूण करणारा प्रत्येक माणूस धरला, मग त्याने जोडीला दुसऱ्या कोणत्याही चौकटीवर खूण केलेली असो, तर संख्या 23.10 कोटींवरून 23.54 कोटींवर गेलेली आढळते. म्हणजे घट नव्हे, 1.9 टक्के वाढ.

जनगणना एक, वर्ष एक, लोकही तेच, आणि उत्तरे मात्र तीन. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण प्रत्येक वेळी 'गोरा कोणाला म्हणायचे' याचा नियम वेगळा आहे. एखाद्या देशाची वांशिक घडण बदलते आहे, असे आपण सहजपणे म्हणतो, तेव्हा त्यात निदान तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. कोणत्या समूहात जन्म अधिक आणि मृत्यू कमी, ही पहिली. देशात कोण आले आणि कोणाला येऊ दिले नाही, ही दुसरी. माणसांना कोणत्या रकान्यात घालायचे हे कोणी आणि कसे ठरवले, ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टींवर भरपूर लिहिले जाते. तिसरीकडे दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते गैरसमज व विनाकारण भीती यांचे मूळ बहुतांशी तिथेच आहे. रास तीच राहिली तरी पायली बदलली की माप बदलते. अमेरिकेत तर गेल्या सव्वादोनशे वर्षांत रासही बदलली आणि पायलीही.

दर दहा वर्षांनी जनगणना व्हावी, हे अमेरिकेच्या राज्यघटनेतच लिहिलेले आहे, कारण प्रतिनिधिगृहात कोणत्या राज्याला किती जागा मिळणार हे लोकसंख्येवर ठरते. पहिली जनगणना 1790 मध्ये झाली आणि परराष्ट्र खात्याचे प्रमुख थॉमस जेफरसन यांच्या देखरेखीखाली संघराज्याच्या मार्शलांनी ती पार पाडली. त्या तक्त्यात माणसांसाठी पाचच रकाने होते: सोळा वर्षे व त्यावरील स्वतंत्र गोरे पुरुष, सोळा वर्षांखालील स्वतंत्र गोरे मुलगे, स्वतंत्र गोऱ्या स्त्रिया, इतर सर्व स्वतंत्र व्यक्ती आणि गुलाम. जागांचा हिशेब करताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरायची, अशी घटनेतच तरतूद होती. कर न देणाऱ्या मूळ निवासी जमातींना मोजलेच जात नव्हते. अमेरिकेतील वंशाची मोजणी कुतूहलापोटी सुरू झालेली नाही. सत्तेची वाटणी आणि गुलामगिरी या दोन व्यवहारांसाठी ती जन्माला आली, आणि पुढचे सगळे बदल वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

त्या वर्षी देशाची मोजलेली लोकसंख्या 39 लाख 29 हजार होती. गुलाम आणि स्वतंत्र मिळून कृष्णवर्णीय सुमारे 7 लाख 57 हजार, म्हणजे 19.3 टक्के. 1930 मध्ये कृष्णवर्णीयांची संख्या 1 कोटी 19 लाखांच्या आसपास पोहोचली होती, म्हणजे जवळजवळ सोळापट झाली होती, आणि तरीही एकूण लोकसंख्येतला त्यांचा वाटा 9.7 टक्क्यांवर आला होता. संख्या सोळापट आणि वाटा निम्मा, हे कसे घडले? आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर 1808 पासून कायद्याने बंदी आली, त्यामुळे पुढची कृष्णवर्णीयांची वाढ जवळपास सगळी जन्मांतून झाली. गोऱ्यांच्या बाबतीत जन्मांच्या जोडीला युरोपातून येणारा लोंढा होता. 1845 नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडाले आणि दुष्काळाने लाखो आयरिश लोकांना समुद्रापार ढकलले; त्याच सुमारास जर्मन आले; शतकाच्या अखेरीस इटालियन, पोलिश आणि रशियन साम्राज्यातले ज्यू आले. न्यूयॉर्क बंदरातले एलिस बेटावरचे तपासणी केंद्र 1892 मध्ये उघडले, आणि 1907 या एकाच वर्षात देशात बारा लाखांहून अधिक लोक दाखल झाले. वाटा घटला म्हणजे समूह घटला, असा अर्थ काढणे किती चुकीचे असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. आजच्या चर्चेत हीच चूक उलट्या दिशेने होते.

काही लोक तर जागचे न हलता अमेरिकन झाले. मेक्सिकोशी झालेले युद्ध संपवणारा ग्वादालुपे इदाल्गोचा तह 1848 मध्ये झाला आणि आजचे कॅलिफोर्निया, नेवाडा, यूटा यांच्यासह मोठा प्रदेश अमेरिकेकडे आला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे स्पॅनिशभाषक मेक्सिकन नागरिक त्यामुळे अमेरिकेच्या लोकसंख्येत गणले गेले. सीमा त्यांच्या घरावरून पुढे सरकली.

आता रकान्यांकडे वळू. 1850 पासून प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीची नावानिशी नोंद होऊ लागली आणि त्याच वर्षी 'मुलाटो', म्हणजे गोऱ्या व काळ्या पूर्वजांची संमिश्र संतती, हा वर्ग आला. 1890 मध्ये तर प्रगणकांना अपूर्णांकांचा हिशेब दिला गेला: तीन-चतुर्थांश किंवा अधिक काळे रक्त असलेला तो काळा, तीन-अष्टमांश ते पाच-अष्टमांश असलेला तो मुलाटो, एक-चतुर्थांश असेल तर क्वाड्रून, आणि एक-अष्टमांश किंवा नुसता अंश असला तरी ऑक्टोरून. दारात उभा असलेला प्रगणक हे कशावरून ठरवणार होता? चेहऱ्यावरून, केसांवरून, शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून. हे आकडे उपयोगाचे नाहीत, हे जनगणना कार्यालयालाही कळून चुकले आणि पुढच्या खेपेस हे वर्ग गळाले. मुलाटो 1910 आणि 1920 मध्ये पुन्हा आला आणि 1930 मध्ये कायमचा गेला. त्या वर्षीच्या सूचनांनुसार, गोऱ्या आणि काळ्या अशा मिश्र रक्ताच्या माणसाची नोंद, काळ्या रक्ताचा अंश कितीही अल्प असला तरी, 'नीग्रो' अशीच करायची होती. 1920 मध्ये मुलाटो असलेली मुलगी 1930 मध्ये नीग्रो झाली. तिच्यात किंवा तिच्या कुटुंबात काहीही बदलले नव्हते. तेव्हापासून 'श्वेत' या रकान्याला निर्भेळपणाची अट चिकटली, आणि आजच्या अंदाजांमध्येही ती अट वेश पालटून शिल्लक आहे, हे पुढे दिसेल.

त्याच 1930 च्या तक्त्यात 'मेक्सिकन' हा स्वतंत्र वंश म्हणून आला. मेक्सिकन-अमेरिकनांनी आणि मेक्सिकोच्या सरकारने त्याला विरोध केला, कारण 'श्वेत' नसण्याचे परिणाम काय असतात हे त्यांना पुरते माहीत होते. 1940 मध्ये तो वंश तक्त्यातून गेला आणि ते लोक पुन्हा श्वेतांत मोजले जाऊ लागले.

हे परिणाम कोणते होते, ते भारतीयांच्या कहाणीवरून नीट समजते. 1790 च्या कायद्याप्रमाणे परदेशातून आलेल्यांपैकी केवळ 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीला' नागरिकत्व मिळू शकत होते. 1870 मध्ये त्यात आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातून आलेले दोन्हींत बसत नव्हते. 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांचे येणेच थांबवले आणि 1917 च्या कायद्याने आशियाचा मोठा भाग, भारतासह, प्रवेशबंदीच्या क्षेत्रात टाकला. त्याआधी पंजाबातून आलेले काही हजार शेतकरी व मजूर कॅलिफोर्नियात स्थिरावले होते. त्यांतले बहुसंख्य शीख होते, तरी 1920 ते 1940 या तीन जनगणनांमध्ये त्यांच्या वंशाच्या रकान्यात 'हिंदू' असे लिहिले गेले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात सेवा केलेले भगतसिंग थिंड यांनी नागरिकत्वासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. उत्तर भारतातले उच्चवर्णीय आर्य वंशाचे, म्हणजेच कॉकेशियन, आणि म्हणून गोरे, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. अवघ्या तीन महिन्यांपूर्वी याच न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा अर्ज फेटाळताना 'गोरा' म्हणजे कॉकेशियन असा निकष लावला होता. थिंड यांच्या वेळी, फेब्रुवारी 1923 मध्ये, तो निकष बाजूला पडला आणि सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे जो गोरा तोच गोरा, असे ठरले. आधी मिळालेले नागरिकत्वही अनेक भारतीयांकडून काढून घेण्यात आले. थिंड यांच्या युक्तिवादात जातीचा आधार घेतला गेला होता, हेही मराठी वाचकाने डोळ्यांआड करू नये. दुसऱ्याच्या उतरंडीत वरची पायरी मिळवण्यासाठी आपली उतरंड पुढे करण्याचा तो प्रयत्न होता.

या बंदीचे कौटुंबिक परिणामही झाले. भारतातून स्त्रियांना येता येत नव्हते आणि गोऱ्या स्त्रियांशी विवाह कॅलिफोर्नियाच्या कायद्याला मंजूर नव्हता, म्हणून इंपीरियल खोऱ्यातल्या अनेक पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली. या घरांत स्पॅनिश बोलली जाई, मुलांची पहिली नावे स्पॅनिश आणि आडनाव सिंग असे. या मुलांचा वंश कोणता? तक्त्याकडे त्याचे सरळ उत्तर नव्हते, कारण 2000 सालापर्यंत एका माणसाला एकच रकाना मिळत असे.

1924 चा कायदा या सगळ्यावर कळस होता. कोणत्या देशातून किती लोक घ्यायचे, याचा कोटा 1890 च्या जनगणनेत त्या देशात जन्मलेले जेवढे लोक अमेरिकेत होते त्यांच्या दोन टक्के, असा बांधला गेला. 1890 हे वर्ष मुद्दाम निवडलेले होते, कारण इटली, पोलंड आणि रशियातला मोठा ओघ त्यानंतरचा आहे. भूतकाळातली जनगणना हाताशी धरून भविष्यातली लोकसंख्या घडवण्याचा हा उघड प्रयत्न होता आणि तो चाळीस वर्षे यशस्वी झाला. 1890 मध्ये परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण 14.8 टक्के होते, ते 1970 मध्ये 4.7 टक्क्यांवर आले. जुन्या, एकसंध अमेरिकेचे जे चित्र अनेकांच्या मनात असते, ते बहुधा याच मधल्या दशकांचे असते. ती देशाची नैसर्गिक अवस्था नव्हती. एका कायद्याने ती निर्माण केली होती.

तो कायदा 1965 मध्ये बदलला. 3 ऑक्टोबर 1965 रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि हे विधेयक क्रांतिकारक नाही, लाखोंच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होणार नाही, असे सांगितले. राष्ट्रनिहाय कोटा गेला, कौशल्य आणि नातेसंबंध यांना प्राधान्य आले. देशात आधीपासून असलेल्यांच्या नातलगांना जास्त जागा ठेवल्या, म्हणजे आपोआप युरोपीयच अधिक येतील, असा काही खासदारांचा होरा होता. प्रत्यक्षात पश्चिम युरोप तोवर सुस्थितीत आला होता आणि तिथून निघण्याची फारशी निकड कोणाला उरली नव्हती. भारत, फिलिपिन्स, कोरिया इथले डॉक्टर आणि इंजिनिअर कौशल्याच्या वाटेने आले, आणि मग नात्याच्या वाटेने भाऊ, बहिणी, आईवडील आले. याच कायद्याने मेक्सिकोसह पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर प्रथमच संख्येची मर्यादा घातली. शेतमजुरांसाठीची मेक्सिकोशी असलेली ब्रासेरो योजना 1964 मध्ये बंद झाली होती. मळ्यांना मजूर हवेच होते आणि मजुरांना कामही हवे होते. ये-जा चालूच राहिली, फक्त आता ती बेकायदा ठरली.

समजा, 1968 मध्ये पुण्याहून एक इंजिनिअर आणि त्यांची पत्नी न्यू जर्सीला जाऊन स्थायिक झाली. 1970 च्या जनगणनेत त्यांची गणना श्वेतांमध्ये झाली, कारण त्या वर्षी भारतीयांसाठी वेगळा वर्ग नव्हता आणि त्यांना श्वेतांत धरण्याची पद्धत होती. 1980 मध्ये हेच जोडपे 'एशियन इंडियन' झाले. मधल्या काळात नागरी हक्कांचे कायदे झाले होते, नोकरीत आणि कंत्राटांत भेदभाव होतो की नाही हे तपासण्यासाठी वंशनिहाय आकड्यांची गरज निर्माण झाली होती, आणि श्वेतांत मोजले गेल्यास आपल्यावरचा भेदभाव दिसणारच नाही, असे भारतीयांच्या संघटनांनी सरकारपुढे मांडले होते. थिंड यांना गोरे ठरायचे होते आणि न्यायालयाने नाही म्हटले. अर्ध्या शतकानंतर भारतीयांनी गोऱ्यांच्या रकान्यातून बाहेर पडण्याची मागणी केली आणि ती मान्य झाली. 1980 मध्ये या वर्गात सुमारे 3.6 लाख लोक होते. 2020 मध्ये केवळ 'एशियन इंडियन' अशी नोंद करणाऱ्यांची संख्या 44 लाखांजवळ गेली आणि केवळ एकच मूळ नोंदवणाऱ्या आशियाई समूहांमध्ये तो सर्वांत मोठा ठरला.

आणखी एक बदल याच काळात झाला आणि तो सर्वांत महत्त्वाचा म्हणावा लागेल. 1960 पासून हळूहळू आणि 1970 मध्ये मोठ्या प्रमाणावर जनगणनेचे अर्ज टपालाने घरोघरी जाऊ लागले आणि वंश प्रगणकाऐवजी माणूस स्वतः ठरवू लागला. मूळ निवाशांचे आकडे पाहिले की या बदलाची ताकद समजते. 1960 मध्ये ते साडेपाच लाखांच्या आसपास होते आणि 1990 मध्ये 19 लाख 59 हजार झाले. तीस वर्षांत साडेतीनपट वाढ केवळ जन्मांतून होऊ शकत नाही, आणि बाहेरून येण्याचा तर प्रश्नच नाही. ज्या कुटुंबांनी आपली ओळख झाकून ठेवली होती, किंवा प्रगणकाने जी पाहिलीच नव्हती, ती ओळख लोक आता निर्भयपणे लिहू लागले होते. आपल्याकडे 1931 नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद जनगणनेत घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल 2025 मध्ये जाहीर केला. नाव माणूस सांगणार आणि यादी शासन करणार, तेव्हा दोन्ही जुळवताना काय होते, याचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेचा हा अनुभव मोलाचा आहे.

अशी माहिती नेहमी भल्यासाठीच वापरली गेली, असे मात्र नाही. 1942 मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरांतून हलवून छावण्यांत डांबण्यात आले, तेव्हा कोणत्या भागात ते किती आहेत याची माहिती जनगणना कार्यालयाने लष्कराला पुरवली होती. छावण्यांत गेलेल्यांची संख्या सुमारे 1 लाख 20 हजार होती आणि त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते.

आता सर्वांत गुंतागुंतीच्या गोष्टीकडे येऊ. 2020 च्या अर्जात आठवा प्रश्न होता: ही व्यक्ती हिस्पॅनिक, लॅटिनो किंवा स्पॅनिश मूळची आहे का? नववा प्रश्न वंशाचा. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, कारण शासनाच्या 1977 च्या व्याख्येनुसार हिस्पॅनिक हा वंश नाही. ते भाषा, संस्कृती आणि मूळ देश यांवरून ठरणारे वर्गीकरण आहे. हिस्पॅनिक माणूस गोरा, काळा, मूळ निवासी, कोणीही असू शकतो. कागदावर हे तर्कशुद्ध आहे. पण ग्वातेमालातून आलेल्या आईवडिलांच्या मुलाने आठव्या प्रश्नाला होकार दिला की त्याच्या दृष्टीने त्याने आपली ओळख सांगून टाकलेली असते. नवव्या प्रश्नातल्या पंधरा चौकटींत त्याला स्वतःचे असे काही सापडत नाही. मग कोणी 'श्वेत' वर खूण करतो, कोणी 'अन्य वंश' वर. हिस्पॅनिक लोकांची संख्या 1970 मध्ये 91 लाख होती आणि 2020 मध्ये 6.21 कोटी, म्हणजे 18.7 टक्के झाली. इतका मोठा समूह या तिढ्यात सापडलेला असेल, तर वंशाचे सगळेच आकडे त्याच्या खुणांबरोबर हलतात.

2020 मध्ये ते नेमके तसेच हलले. एकाहून अधिक वंशांवर खूण करण्याची मुभा 2000 मध्ये मिळाली होती; तेव्हा 68 लाख लोकांनी, म्हणजे 2.4 टक्क्यांनी, ती वापरली. 2010 मध्ये हा आकडा 90 लाख झाला. 2020 मध्ये तो एकदम 3.38 कोटींवर, 10.2 टक्क्यांवर गेला. दहा वर्षांत इतके मिश्र विवाह आणि इतकी मुले होणे अशक्य आहे. घडले ते असे: 2020 च्या अर्जात 'श्वेत' आणि 'कृष्णवर्णीय' या चौकटींखाली प्रथमच मूळ लिहिण्यासाठी ओळ दिली होती. शिवाय पूर्वी लिहिलेल्या मजकुराची पहिली तीस अक्षरे संगणकात उतरत, ती मर्यादा दोनशे अक्षरांवर नेली आणि प्रत्येक लिहिलेल्या मुळाला वेगळा संकेतांक दिला गेला. एखाद्याने 'श्वेत' वर खूण करून खाली एखाद्या लॅटिन अमेरिकन देशाचे मूळ लिहिले, तर नियमाप्रमाणे ते मूळ 'अन्य वंश' या वर्गात जाई आणि तो माणूस, त्याने एकच खूण केलेली असूनही, दोन वंशांचा ठरे.

आता सुरुवातीच्या आकड्यांकडे पुन्हा पाहा. 'केवळ श्वेत' या वर्गात 1.93 कोटींची घट झाली होती. त्या वर्गातले हिस्पॅनिक तेवढे वेगळे काढले, तर ते 2.67 कोटींवरून 1.26 कोटींवर आले, म्हणजे 1.41 कोटींनी कमी झाले. जवळजवळ तीन-चतुर्थांश घट इथेच भरून निघते. हे लोक मेले नाहीत, देश सोडून गेले नाहीत. त्याच दहा वर्षांत बहुवंशीय हिस्पॅनिकांची संख्या 30 लाखांवरून 2.03 कोटींवर गेली. यातला काही भाग लोकांच्या स्वतःच्या विचारांतल्या बदलाचा आहे हे खरे, पण मोठा भाग अर्जाची रचना आणि संकेतांकाचे नियम यांचा आहे. जगभर गाजलेल्या त्या बातमीचा कणा हा होता.

उरलेली सुमारे अर्ध्या कोटीची घट हिस्पॅनिक नसलेल्या श्वेतांमधली आहे आणि तीत खरा लोकसंख्याशास्त्रीय बदल आहे. त्याचे मूळ वयात आहे. 2018 च्या आकड्यांनुसार श्वेतांमध्ये सर्वाधिक आढळणारे वय 58 होते आणि हिस्पॅनिकांमध्ये 11. एका समूहाची मोठी पिढी मूल होण्याचे वय ओलांडून गेली आहे आणि दुसऱ्याची अजून त्या वयात यायची आहे. त्यामुळे उद्या सीमा पूर्णपणे बंद केली तरी हा बदल थांबत नाही. तो शाळेच्या वर्गांत आधीच बसलेला आहे. 2020 मध्ये अठरा वर्षांखालील मुलांमध्ये हिस्पॅनिक नसलेले श्वेत 47.3 टक्के होते. हे वास्तव आहे आणि ते कोणत्याही रकान्याच्या खेळाने नाहीसे होत नाही.

विवाहांमुळेही चित्र बदलते आहे. आंतरवंशीय विवाहाला बंदी करणारे राज्यांचे कायदे सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया या खटल्यात रद्द केले. त्या वर्षी नवविवाहितांपैकी सुमारे 3 टक्क्यांनी वेगळ्या वंशाचा किंवा हिस्पॅनिक समूहाबाहेरचा जोडीदार निवडला होता. 2015 मध्ये हे प्रमाण 17 टक्के झाले. न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातल्या कितीतरी मराठी घरांत आता अशी नातवंडे आहेत, ज्यांची एक आजी सोलापूरची आणि दुसरी आयरिश वंशाची. या नातवंडांनी कोणती खूण करायची, हे त्यांचे त्यांनीच ठरवावे, याच मताचा मी आहे. मात्र त्यांनी दोन्ही खुणा केल्या की आकडेवारी त्यांना कुठे नेऊन ठेवते, हे त्यांना माहीत असायला हवे.

श्वेत लोक अल्पसंख्य होणार, हे भाकीत इथेच तपासावे लागते. जनगणना कार्यालयाने 2008 मध्ये त्यासाठी 2042 हे वर्ष दिले होते, पुढे ते 2045 च्या आसपास सरकले. या हिशेबात श्वेत म्हणजे केवळ श्वेत आणि हिस्पॅनिक नसलेले एवढेच धरले जातात. त्या सोलापूर-आयरिश नातवंडाला, किंवा एक आजोबा मेक्सिकोतले आणि बाकी तिघे आजी-आजोबा जर्मन वंशाचे असलेल्या मुलाला, हा हिशेब श्वेतेतर बाजूला टाकतो. 1930 ची निर्भेळपणाची अट ती हीच. याच कार्यालयाच्या 2017 च्या अंदाजात हिस्पॅनिक धरून 'केवळ श्वेत' लोक 2060 मध्येही 68 टक्के असतील असे दिले होते आणि हिस्पॅनिक वगळले तर 44 टक्क्यांच्या थोडे वर. दोन्ही आकडे एकाच अहवालातले होते. मथळ्यांमध्ये दुसराच आला. त्यावर राजकारण उभे राहिले, बदलत्या लोकसंख्येला कट ठरवणाऱ्या द्वेषाच्या प्रचाराला खाद्य मिळाले, आणि त्या प्रचारातून माणसांचे जीव गेले. आकडा मांडणाऱ्याने आपली व्याख्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत सांगितली पाहिजे, असे मला वाटते, त्याचे कारण हे आहे.

मेक्सिकन किंवा क्यूबन पूर्वज असलेले सगळे पुढच्या पिढ्यांतही स्वतःला हिस्पॅनिकच म्हणवतील, हेही गृहीत धरता येत नाही. सर्वेक्षणांत असे आढळले आहे की स्थलांतरितांची चौथी पिढी येईपर्यंत अशा वंशजांपैकी सुमारे निम्मेच स्वतःची ओळख हिस्पॅनिक म्हणून सांगतात. एकेकाळी परके मानले गेलेले इटालियन आणि पूर्व युरोपीय ज्यू दोन-तीन पिढ्यांत 'गोरे' या शब्दात कोणतीही पुस्ती न जोडता सामावले गेले. हिस्पॅनिकांचे तसेच होईल असे नाही, कारण कृष्णवर्णीयांसाठी ही वाट कधीच खुली झाली नाही, आणि रंग गडद असलेल्या हिस्पॅनिकांचा अनुभव वेगळा असू शकतो.

मार्च 2024 मध्ये अमेरिकी शासनाने वर्गीकरणाचे नियम पुन्हा बदलले. वंश आणि हिस्पॅनिक मूळ यांचे दोन प्रश्न एकत्र करून एकच प्रश्न ठेवायचा, त्यात हिस्पॅनिक हा बाकीच्या वर्गांच्या बरोबरीचा वर्ग असेल, आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेतल्या लोकांसाठी नवा वर्ग असेल, असे ठरले. लेबनॉन, इराण, इजिप्त इथून आलेले लोक आजवर व्याख्येप्रमाणे श्वेत मोजले जात होते. 2020 मध्ये असे मूळ लिहिणारे सुमारे 35 लाख होते. हे नियम जसेच्या तसे 2030 च्या अर्जात उतरले, तर या लोकांपैकी बरेचजण श्वेतांच्या रकान्यातून बाहेर पडतील आणि केवळ हिस्पॅनिक अशी एकच खूण करणाऱ्यांची नोंद कोणत्याही वंशाखाली होणार नाही. 2031 च्या आसपास आकडे जाहीर होतील तेव्हा 'श्वेत' या ओळीत पुन्हा मोठी घट दिसेल, आणि 2020 च्या ओळीशी तिची थेट वजाबाकी करण्याआधी प्रश्नाची दोन्ही रूपे शेजारी ठेवून वाचावी लागतील.